चिंचोक्यांचा डबा

चिंचोक्यांचा डबा अर्ध्यावर आला होता, आणि केशरबाईनं तर नाताळापासून त्याला हात लावला नव्हता.

तिनं झाकण पुन्हा लावलं, डबा फळीवर ठेवला आणि नवऱ्याकडे पाहिलं. लिंबाजी उंबऱ्यावर बसून विळ्याची मूठ घट्ट करत होता.

"अवो, चिंचोके कुठं गेले?"

"मला काय म्हाईत. उंदरानं नेले आसतील."

"उंदीर डब्याला झाकण लावून जातोय व्हय?"

लिंबाजीनं विळ्याची मूठ उंबऱ्यावर ठोकली. तो तसाही फारसा बोलायचा नाही, पण न बोलण्याचेही प्रकार असतात आणि केशरबाईला ते सगळे पाठ होते. हा प्रकार नवा होता.

बाई मुळातच संशयी. पेडगावच्या ख्रिस्ती वस्तीत सात घरं, येशूचं एक पत्र्याचं देऊळ आणि एक शाळा. एवढ्याशा जागेत कुणाच्या चुलीवर काय शिजतंय हे वासावरून ओळखणारी बाई म्हणून तिची ख्याती होती. प्रार्थनेला सगळे दोन्ही डोळे मिटतात, केशरबाई एकच मिटते, असं शाळेच्या मास्तरांची बायको नर्मदाबाई म्हणायची. नर्मदाबाईला हे कसं दिसलं, असं मात्र कुणी विचारत नसे. त्यात ते दिवसही तसलेच होते. निजामाच्या राज्याचं ते शेवटचं वर्ष, पण हे तेव्हा कुणाला ठाऊक असणार? रझाकार कुठल्या गावात आले, पोलिसांच्या अमीनसाहेबानं कुणाला उचललं, कोण कुणाला जाऊन काय सांगतो, याच्याच गोष्टी. सगळा गाव आवाज उतरवून बोलायला शिकला होता.

केशरबाईला दोन गोष्टींचा नाद होता. एक गोधडीचा. लोकांनी दिलेली जुनेरं ती धुवायची, चिंचोक्याची खळ लावून ताठ करायची आणि मग तुकडे असे जुळवायची की बघणाऱ्यानं हे फाटकं लुगडं होतं हे विसरून जावं. देव जुन्यातून नवं करतो, असं परभणीहून येणाऱ्या पाळकसाहेबांनी एकदा सांगितलं, तेव्हा तिला वाटलं, हा तर माझाच धंदा. त्या दिवसापासून देवाशी तिचं जरा बरोबरीनं बोलणं सुरू झालं. दुसरा नाद ओव्यांचा. तिला अक्षर येत नव्हतं. पण जात्यावर बसली की येशूच्या ओव्या आपोआप यायच्या. देवळात त्या कधी म्हटल्या गेल्या नाहीत. तिथं मास्तरांची बाजाची पेटी आणि छापील गाणी. जात्यावरचं गाणं देवळात न्यायचं असतं हे कुणाला सुचलंच नव्हतं, तिलाही नाही.

लिंबाजी देवळात गातच नसे. तो मागच्या भिंतीला टेकून बसायचा. मास्तरांची पेटी ठेका सोडून पळाली की त्याची बोटं मांडीवर हलायची, पळालेल्या वासराला दाव्यानं ओढून आणावं तशी. वीस वर्षांपूर्वी तो पंचक्रोशीतला नावाजलेला हलगीवाला होता. लग्न असो, जत्रा असो, मयत असो, पुढं लिंबाजी. मग बाप्तिस्मा घेतला. तेव्हाचे मिशनरी साहेब म्हणाले, हे वाद्य मूर्तीपुढं वाजलेलं आहे, ते घेऊन देवळात येता येणार नाही. लिंबाजीनं सगळ्यांसमोर हलगीचं कातडं विळ्यानं फाडलं आणि कडं विहिरीत टाकलं. ते टाकायला त्याला केशरबाईनंच भरीस घातलं होतं, आणि त्याचा तिला अभिमान होता.

म्हणून आता तिच्या मनात पाल चुकचुकली. चिंचोक्याची खळ गोधडीला लागते तशी हलगीचं कातडं कड्याला चिकटवायलाही लागते.

एकदा संशय आला की पुरावे पायानं चालत घरी येतात. तिची दाभण जागेवर नव्हती. परसात, तुराट्यांच्या गंजीजवळ, ओल्या कातड्याचा वास यायचा. दर रविवारी उपासना झाली, भाकरी खाल्ली की लिंबाजी उठायचा.

"कुठं चाललाव?"

"जरा पाय मोकळे करून येतो."

"आठवडाभर रान तुडवून पाय मोकळे झाले न्हाईत व्हय?"

तो ओढ्याकडे जायचा. परत आला की सदऱ्याला धुराचा वास. हलगी वाजवायच्या आधी जाळावर शेकावी लागते, नाहीतर ती बोलत नाही, हे हलगीवाल्याच्या बायकोला काय सांगायचं!

आधी तिला वाटलं बाईमाणसाचं काही असेल. पण पंचावन्न वर्षांच्या, पुढचे दोन दात पडलेल्या लिंबाजीला कोण विचारणार, म्हणून ती शंका तिनं स्वतःच हसून सोडून दिली. मग एके दिवशी तिनं मुंजाजीला पाहिलं. मुंजाजी लिंबाजीचा चुलतभाऊ. तो ख्रिस्ती झाला नव्हता, अजून मरीआईपुढं वाजवायचा. ओढ्याच्या वाटेवर तो लिंबाजीला फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी गोल देत होता. आणि चैत्रात मरीआईची जत्रा होती.

केशरबाई तशीच माघारी वळली. चेष्टेची गोष्ट नव्हती ही. जुन्या देवाकडे परत गेलेल्याचं नाव मंडळीच्या वहीतून कापलं जायचं. नाव कापलं की ख्रिस्ती लोकांच्या दफनभूमीत त्याला जागा नाही. आणि तिथं, तुरीच्या बांधाला लागून, त्यांचा एकुलता एक शमुवेल होता. सहा वर्षांपूर्वी पटकीच्या साथीत एका दिवसात गेला, एकोणीस वर्षांचा. त्याच्या एका बाजूला आपण आणि दुसऱ्या बाजूला लिंबाजी, एवढं एकच मागणं तिनं देवाकडे मागितलं होतं. आता हा माणूस मेल्यावर पोराला सोडून भलतीकडेच जायचा, या विचारानं तिला रडू यायचं आणि त्याहून जास्त राग यायचा.

सरळ विचारायचं ना? पण सरळ विचारलं तर केशरबाई कसली! शिवाय तो खरं सांगेल असा तिला भरवसाच उरला नव्हता.

ईस्टरच्या आधीच्या बुधवारी बायकांची प्रार्थना नर्मदाबाईच्या घरी होती. रीत अशी की शेवटी ज्याची त्यानं विनंती मांडायची. कुणाची म्हैस आटलेली, कुणाचा ताप उतरत नाही, आणि सगळ्यांनी मिळून त्यासाठी मागायचं. केशरबाईनं पदर डोक्यावर घेतला.

"एका घरासाठी इनंती हाय. घरधनी लय वर्सांपूर्वी सोडलेल्या वाटंनं परत चाललाय, आसा वहीम हाय. घराचं नाव सांगत न्हाई."

तिला वाटलं, आपण फार शहाणपणानं बोललो. देवाला कळलं, लोकांना कळलं नाही. पण वस्तीत घरं सात. दोन घरांत विधवा, दोन घरांतले पुरुष पूर्णेला रेल्वेच्या कामावर. उरले मास्तर, भुजंग आणि लिंबाजी. मास्तरांनी वाट सोडणं शक्य नव्हतं आणि भुजंग जन्मानंच ख्रिस्ती, त्याला परत जायला जुनी वाटच नव्हती. नर्मदाबाईनं आमेन म्हणायच्या आत हिशेब केला होता.

उत्तम शुक्रवारची, म्हणजे गुड फ्रायडेची, उपासना संपली आणि सूर्यभान मास्तर भुजंगला घेऊन लिंबाजीच्या अंगणात आले. मास्तर पाळकांच्या मागं मंडळी सांभाळायचे. माणूस वाईट नव्हता, पण घाबरट होता, आणि घाबरट माणसाला नियमाचा फार आधार वाटतो.

"लिंबाजी, कानावर आलंय ते खरं हाय का?"

लिंबाजी परसात गेला. तुराट्यांच्या गंजीत हात घालून त्यानं हलगी काढली. नवी कोरी. कातडं असं ताणलेलं की मास्तरांच्या खोकल्यानंही ते हळूच घुमलं.

"कुणासाठी केलीस ही?"

"द्येवासाठी."

"कोणच्या?"

लिंबाजीनं वर पाहिलं. मास्तरांकडे नाही, दारात उभ्या केशरबाईकडे. हे घराबाहेर कुणी नेलं ते त्याला त्या क्षणी कळलं, आणि कळलं हे तिला कळलं. तिनं आयुष्यात पहिल्यांदा नजर खाली घातली.

"दिवस कसले हायेत," मास्तर म्हणाले, "ओढ्यात वाजवतोस, कुणी उद्या अमीनाला सांगितलं की बंडवाल्यांच्या खुणेचा ठोका हाय, तर समदी वस्ती आत जाईल. आन मंडळीच्या वहीचं काय करू म्या?"

लिंबाजीनं उंबऱ्यावरचा विळा घेतला.

"थांब, विचार कर," भुजंग म्हणाला.

"इचार कशाला? एकदा फाडलंय. हात बसलेला हाय."

कातडं फाटलं त्याचा आवाज फार मोठा नव्हता. कडं त्यानं यावेळी विहिरीत टाकलं नाही, तसंच अंगणात ठेवलं आणि बैलांना पाणी दाखवायला गेला. मास्तरांनी एक छोटी प्रार्थना केली. तिला आमेन एकट्या भुजंगनं म्हटलं.

शनिवारी सकाळी मुंजाजी आला. अंगणातलं कडं पाहून तो उंबऱ्याबाहेरच उकिडवा बसला.

"कडं बी म्याच दिलं, आन कातडं बी म्याच, वैनी. चांगल्या बकऱ्याचं हुतं."

"मरीआईच्या जत्रंला लागत हुतं न्हवं?" केशरबाई म्हणाली. अजूनही आपलंच खरं व्हावं, असं तिला आतून वाटत होतं.

"जत्रंला म्या हाय की वाजवायला. त्याला कशाला?" मुंजाजीनं कड्यावरचा कातड्याचा तुकडा बोटानं सरळ केला. "दादा म्हनला, मुंजा, गावातल्या समद्या मयताम्होरं म्या वाजवलं. पाटलाच्या बापाम्होरं वाजवलं, परक्याच्या पोरांम्होरं वाजवलं. माझ्या शमूम्होरं मातर रिकाम्या हातानं चाललो. तुमच्यात मयताला वाजवायची मनाई, ठीक हाय म्हनला. पर ईस्टरला तर मेलेला उठतो म्हनत्यात. त्या दिशी पहाटं समदे शमूपाशी जात्यात. मयताला न्हाई तर न्हाई, उठायला तरी वाजवू दे."

केशरबाईनं हातातलं सूप खाली ठेवलं.

"ओढ्यात तुमच्याच वव्या म्हनत बसायचा, वैनी. जात्यावरच्या. त्येच्यावर ठेका बसवत हुता. दोन म्हैने झाले."

"मला का न्हाई सांगितलं?"

मुंजाजी जरा घुटमळला. मग म्हणाला, "म्या बी तेच इचारलं. तर म्हनला, केशरला सांगू नगं. ती आदी मास्तरला इचारल."

तो गेल्यावर ती कड्यापाशी जाऊन बसली. उभ्या जन्मात तिनं सगळ्यांवर संशय घेतला होता. तिच्यावर कुणी संशय घेतला तो हा एकच, आणि तो शंभर नंबरी खरा निघाला. देवाशी बरोबरीनं बोलायची सवय होती, पण त्या दिवशी देवाला काय सांगावं तेही सुचेना. मग तिनं डबा फळीवरून काढला आणि वस्तीतल्या बाकीच्या सहाही घरी गेली. नर्मदाबाईच्या दारात तर दोनदा गेली. तिथून ओढा ओलांडून मुंजाजीच्या आळीत. त्या आळीत तिनं वीस वर्षांत पाऊल ठेवलं नव्हतं. चिंचा फोडायचे दिवस, चिंचोके काय, ढिगानं पडलेले. कशाला पाहिजेत असं सगळ्यांनी विचारलं. ती खरं काय ते सांगत गेली.

रविवारी तांबडं फुटताना मंडळी दफनभूमीत जमली. मास्तरांनी पुनरुत्थानाचा अध्याय वाचला, पेटीशिवाय दोन गाणी झाली. लिंबाजी शमूच्या मातीपाशी उभा होता, हात मागं बांधून. शुक्रवारपासून तो तिच्याशी एक अक्षर बोलला नव्हता.

"कुणाची काही विनंती?" मास्तरांनी रीतीप्रमाणे विचारलं.

केशरबाई पुढं आली. पदराखाली डबा होता.

"एका बाईसाठी इनंती हाय. तिनं नवऱ्याला इचारायचं सोडून गावाला सांगितलं. तेबी प्रार्थनेच्या नावानं. तिचं नाव केशरबाई लिंबाजी. ह्या टायमाला नाव सांगून मागत्ये."

नर्मदाबाईचे दोन्ही डोळे उघडे होते.

तिनं डबा लिंबाजीपुढं, मातीवर ठेवला. "नव्या कातड्याला," ती म्हणाली, "खळ म्याच करून देते."

लिंबाजीनं डबा उचलला. किती आहेत ते बघावं म्हणून त्यानं तो एकदा हलवला. पूर्ण भरला नव्हता. आत चिंचोके खळखळले. त्यानं पुन्हा हलवला, थांबला, पुन्हा दोनदा. मागच्या भिंतीला टेकून वीस वर्षं मांडीवर हलणारी ती बोटं डब्याभोवती नीट बसली. ठेका मिळाला तो थेट जात्याचा होता, खुंटा ओढताना आणि सोडताना पडतो तो. मास्तरांनी डब्याकडे पाहिलं. डबा पत्र्याचा होता, कातड्याचा नव्हता, आणि मंडळीच्या वहीत पत्र्याबद्दल काही लिहिलेलं नव्हतं. मास्तरांनी हातातलं पवित्र शास्त्र मिटलं आणि ते एक पाऊल मागं सरकले.

लिंबाजीनं बायकोकडे पाहिलं. तीन दिवसांत पहिल्यांदा.

"मास्तरला इचारलंस?"

"न्हाई."

"मग म्हन."

तिचा आवाज जात्यावर फुटायचा तसाच फुटला.

शमू माझा निजला, तुरीच्या बांधाला,
जागं कर रे देवा, हात लाव खांद्याला.