निळीची हवा कोण सोडतं?

हसायचं असेल तर आधी कप खाली ठेवा. मागच्या वेळी हा किस्सा सांगितला तेव्हा आमच्या साडूंनी चहा स्वतःच्याच शर्टावर घेतला आणि वर मलाच बोलले. माझा गाढवपणा मी खुशाल सांगतो, पण शर्टाची जबाबदारी घेत नाही!

तर माझ्या सासऱ्यांची, म्हणजे अण्णांची, एक जुनी गाडी. फिकट निळी, गोल दिवे, आणि गिअर स्टिअरिंगच्या दांड्याला. घरात तिला सगळे ‘निळी’ म्हणतात. वृंदा, म्हणजे आमची सौ., जन्मल्यावर दवाखान्यातून घरी आली ती निळीतून. सासरी आली तीही निळीतून. पाठवणीच्या वेळी ही बाई आईच्या गळ्यात पडून रडली नाही. धायरीला आमच्या दारात पोचल्यावर गाडीतून उतरताना रडली! मी तेव्हाच समजायला हवं होतं की या घरात माझा नंबर कितवा आहे.

अण्णा सदाशिव पेठेत राहतात. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यावर त्यांनी गाडी चालवणं सोडलं, आणि गल्लीत नुसती उभी करायची म्हटलं तरी रोज कोणाशी तरी वाद. तेवढ्यात हायवेवरच्या एका हॉटेलवाल्याने निळी मागितली. कशाला? दारात उभी करायला! बॉनेट काढून आत झेंडू लावायचा आणि गिऱ्हाइकांनी पुढे उभं राहून फोटो काढायचे.

हे ऐकल्यापासून वृंदाचा चेहरा बघवेना. शेवटी मी अण्णांना म्हणालो, “आमच्या सोसायटीत पार्किंगला जागा आहे. मी सांभाळतो.”

अण्णांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. पेठेतलं ते बघणं. वेगळं बोलावं लागत नाही.

“तुम्ही? सांभाळणार?”

“हो.”

“ठीक. संक्रांतीला येऊन बघेन. धड असली तर तुमची. नाहीतर झेंडू.” मग निघताना म्हणाले, “मुकुंदराव, टायर सांभाळा. या मापाचे आता सहज मिळत नाहीत. कमी हवेवर चालवलीत तर कडेने चिरतील. हवा चोवीस पौंड. लक्षात राहील ना?”

लक्षात राहील ना! मला विचारतात! अहो, मी दूधवाल्याने किती वाजता बेल वाजवली हेसुद्धा रोजनिशीत लिहिणारा माणूस. एखादी गोष्ट शिकायची म्हटली की मी क्लास लावत नाही. पुस्तक आणतो, व्हिडिओ बघतो आणि शेवटपर्यंत तडीस नेतो. तबला असाच शिकलो. त्याबद्दल शेजाऱ्यांना विचारू नका.

गाडीचं जुनं इंग्रजी पुस्तक डिकीत होतं. त्यात लिहिलेलं, टायर गार असताना हवा मोजावी. बरोबरच आहे, गाडी पळाली किंवा उन्हात उभी राहिली की टायर तापतो, आतली हवा फुगते आणि आकडा उगाच जास्त दिसतो. म्हणून मी ठरवलं, रोज पहाटे, ऊन यायच्या आत मोजायची. पेनासारखा दिसणारा एक गेज आणला. व्हॉल्व्हवर दाबला की ‘फुस्स’ होतं आणि मागून आकड्यांची पट्टी बाहेर येते.

ते ‘फुस्स’ ऐकलं ना, की मला फार बरं वाटायचं. यंत्र काम करतंय!

आता एकदाच मोजून विश्वास कसा ठेवायचा? आपला हात आहे, चुकू शकतो. म्हणून प्रत्येक चाक तीनदा मोजायचं आणि सरासरी काढायची. स्टेपनीसकट. तिने तरी काय पाप केलंय?

पहिले काही दिवस सगळं छान चाललं. मग एका सकाळी पुढचं डावं चाक बावीस दाखवायला लागलं. मी पायपंपाने हवा भरली, चोवीस केली. आणखी काही दिवसांनी चारही चाकं बावीस! पंक्चरवाल्याकडे चाकं नेली. त्याने पाण्यात बुडवून बघितली, व्हॉल्व्हला थुंकी लावून बघितली. कुठेही बुडबुडा नाही.

आता तुम्हीच सांगा. टायर चांगला, ट्यूब चांगली, व्हॉल्व्ह चांगला. मग हवा जाते कुठे? स्टेपनीचीसुद्धा जाते, जी डिकीत कुलपात असते! खरं तर तिथेच माझ्या डोक्यात उजेड पडायला हवा होता. पण माझ्या डोक्यात काय आलं? की चोराकडे डिकीची किल्ली आहे.

“वृंदा, कोणीतरी मुद्दाम हवा सोडतंय.”

“कोण सोडेल हो? लोकांना काय कामं नाहीत?”

“देवधरांना नाहीत.”

देवधर पहिल्या मजल्यावर राहतात. निवृत्त शिक्षक. निळी आली त्या दिवशी जिन्यात भेटले तेव्हा मला म्हणाले होते, “आपटे, ही गाडी आहे की स्मारक? नाही, हार घालायला कधी यायचं ते कळवा.” शिवाय त्यांची स्कूटर निळीच्या शेजारीच उभी असते. पुरावा म्हणून आणखी काय हवं?

मग मी मोजणं वाढवलं. शत्रू केव्हा येतो ते कळायला नको? पहाटे मोजायचो, ऑफिसातून आल्यावर मोजायचो, जेवण झाल्यावर शतपावलीच्या निमित्ताने पुन्हा मोजायचो. आणि आश्चर्य बघा, मी जितका पहारा वाढवला तितकी हवा जास्त जायला लागली! म्हटलं, काय कोडगा माणूस आहे. मी मागे फिरलो की लगेच येतो!

पायपंप मारून माझी उजवी पोटरी डावीपेक्षा जाड दिसायला लागली. हे वृंदाचं निरीक्षण आहे, मी मोजलेलं नाही.

शेवटी पार्किंगच्या खांबावर मी स्वच्छ अक्षरात फलक लावला.

‘निळ्या गाडीच्या चाकांतील हवा सोडणाऱ्या व्यक्तीस: आपल्या कृत्यामुळे एका वयस्कर गाडीस त्रास होत आहे. लाज शिल्लक असल्यास ती वापरावी.’

संध्याकाळी बघतो तर खाली लाल शाईत एक ओळ वाढलेली.

‘अक्षर उत्तम. मात्र चाकापाशी बसण्याइतका रिकामा वेळ या इमारतीत फक्त फलक लिहिणाऱ्याकडेच आहे. देवधर, पहिला मजला.’

बघा! माणसाने सरळ सरळ उत्तर लिहून ठेवलं होतं. मी ते टोमणा म्हणून वाचलं.

संक्रांत जवळ आली. हवा काही थांबेना. आता निळीला रस्त्यावर काढायची तर टायर चिरायची भीती, न काढावी तर अण्णा म्हणणार, ‘नुसती उभी करून ठेवलीत होय?’ वृंदा रोज गॅलरीतून निळीकडे बघत उभी राहायची. एकदा मला म्हणाली, “अहो, झेंडूला पाणी रोज लागतं ना हो? म्हणजे आतून गंजेल ती.” मला गलबलून आलं. म्हटलं, आता हे प्रकरण सोसायटीच्या कमिटीपुढे न्यायचं.

आमचे सेक्रेटरी म्हणजे वानखेडे. मूळचा अमरावतीचा, इथे आयटीत आहे. पोरगा फार गुणी.

“काय म्हणता काका? हवा सोडून राहिले लोकं? अन् मले आत्ता सांगता?”

“पुरावा नव्हता.”

“मंग पुरावा काढू न! पार्किंगच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग हाय आपल्याकडे. टीव्हीवर लावतो सगळ्यांसमोर. पाहूनच घेऊ.”

“सगळ्यांसमोरच लावा,” मी म्हणालो. “देवधरांना खास बोलवा.”

हे वाक्य मी स्वतःच्या तोंडाने बोललो. नोंद घ्या.

बैठक ठरली आमच्याच घरी, नेमकी संक्रांतीच्या सकाळी, आणि अण्णा तेव्हाच येऊन पोचले. मला वाटलं, बरंच झालं. अण्णांना कळू दे, जावई केवढ्या मोठ्या कटाशी एकटा लढतोय! मी त्यांना पहिल्या खुर्चीवर बसवलं. देवधर हाताची घडी घालून मागे बसले. वृंदाने सगळ्यांना चहा दिला.

वानखेडेने रेकॉर्डिंग सुरू केलं. कॅमेरा जुना, चित्र काळंपांढरं, आणि त्याचं घड्याळ कोणी कधी लावलेलंच नाही, त्यामुळे वेळ काहीतरी भलतीच. निळी उभी आहे. सगळं शांत आहे. आणि खांबाच्या मागून एक आकृती आली!

माकडटोपी. अंगावर शाल. हातात बॅटरी. इकडेतिकडे बघत, चोरपावलांनी.

“हाच!” मी खुर्चीवरून उठलोच. “बघा कसा दबकत येतोय! चेहराच सांगतो, नियत साफ नाही!”

“चेहरा टोपीत आहे,” देवधर मागून म्हणाले.

आकृती पुढच्या चाकापाशी उकिडवी बसली. काहीतरी खिशातून काढलं. चाकाला लावलं. एकदा, पुन्हा एकदा, आणखी एकदा. मग मागच्या चाकाकडे सरकली.

“निर्लज्जपणा बघा! एकदा सोडून समाधान नाही, तीन-तीनदा! अण्णा, बघताय ना? डिकी उघडली! किल्ली आहे त्याच्याकडे, मी म्हटलं नव्हतं? वानखेडे, पोलिसांना फोन लावा!”

कोणीच फोन लावला नाही. मला वाटलं, धक्का बसला असेल सगळ्यांना.

वृंदा ट्रे हातात धरून टीव्हीसमोर आली. जरा वाकली. मग अगदी हळू आवाजात म्हणाली, “अहो, ती टोपी मी विणलीय.”

काय सांगू! टीव्हीवरचा तो दुष्ट माणूस उठला, कंबरेला हात लावून ‘आई गं’ केल्यासारखा मागे वाकला, आणि निळीच्या बॉनेटवर दोनदा थोपटून निघून गेला. ती थोपटायची सवय माझी. जगात दुसऱ्या कोणाची नाही.

“मले वाटलं काका गंमत करून राहिले,” वानखेडे पुटपुटला.

अण्णा इतके हसले, इतके हसले की वृंदाने त्यांना पाणी आणून दिलं. मग डोळे पुसत त्यांनी हात पुढे केला. “आणा तो गेज.”

मी दिला. कोटाच्या खिशातच होता.

“कसा धरता?”

मी हवेत धरून दाखवलं.

“तिरका! अहो, तिरका धरलात की मोजायच्या आधी हवा बाहेर. ते ‘फुस्स’ ऐकू येत नाही का?”

“येतं. मला वाटलं, तो त्याचा आवाज आहे.”

“निळीचा आहे तो! ती म्हणतेय, सोडा आता मला! आणि रोज कशाला? पंधरवड्यातून एकदा बघायची. ती गाडी आहे मुकुंदराव, आयसीयूतला पेशंट नाही.”

मी मान खाली घातली. डोळ्यांसमोर झेंडू दिसायला लागले. वृंदाकडे बघायची हिंमत होईना.

अण्णांनी गेज उलटसुलट करून बघितला. मग म्हणाले, “हॉटेलवाल्याला नाही म्हणून सांगतो. गाडी इथेच राहू दे. पहाटे थंडीत उठून तिच्या पायाशी बसणारा माणूस मला दुसरा कुठे मिळणार?”

वृंदा रडली. निळीसाठी रडायची तिला सवयच आहे.

“मात्र गाडी वृंदाच्या नावावर,” अण्णा म्हणाले, “आणि गेज माझ्या खिशात. हवा बघायची असेल तर पेठेत घेऊन या. मी बघेन. तेवढीच माझीही एक चक्कर होईल.”

तेव्हापासून निळी ठरलेल्या रविवारी पेठेत जाते. अण्णा खाली येतात, गेज सरळ धरतात, ‘फुस्स’ होत नाही. मग वृंदा चालवते, अण्णा शेजारी, मी मागे. चोवीसवर चोवीस. टायर ठणठणीत.

राहिले देवधर. त्याच संध्याकाळी मी तिळगूळ घेऊन त्यांच्या दारात गेलो आणि मनापासून माफी मागितली.

“असू दे,” ते म्हणाले. “तिळगूळ ठेवा. गोड बोलायचं मी बघतो जमलं तर.”

खरंच मोठ्या मनाचा माणूस. मलाच फार अपराधी वाटत राहिलं. वाटलं, यांच्यासाठी आपण काहीतरी करावं, न सांगता, गुपचूप. आता अण्णांनी गेज नेला हे खरं, पण दुकानं काही बंद झाली नव्हती.

आठवड्याभरात देवधरांनी मला जिन्यात गाठलं.

“आपटे, माझ्या स्कूटरच्या मागच्या चाकात हवा कमी वाटतेय.”

“अहो नाही हो, देवधर!” मी कळवळून म्हणालो. “शपथेवर सांगतो, फक्त तीनदा मोजली!”