दोन कॅसेटींवर एकच ‘व’

माझं अक्षर वाकडं आहे, ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, माफ करा. भावाकडून उसने पैसे आणून आम्ही नवरा-बायकोनं डीजेचे बॉक्स घेतले होते. मंठ्याच्या शनिवार-रविवारच्या लग्नावर त्याचं उरलेलं देणं फिटणार होतं. लिहायचा कंटाळा, म्हणून वरातीच्या कॅसेटीवर मी नुसता ‘व’ काढला, आणि नवरीला सासरी वाटं लावायच्या रडक्या गाण्यांच्या कॅसेटीवरही ‘व’च. रविवारी नवरी रडत जीपमध्ये बसली आणि माझ्या नवऱ्यानं लावलेलं गाणं निघालं नाचायचं. आता कोण पैसे देतंय, म्हणून मी तोंडावर पदर घेतला. तेवढ्यात नवरीच खुदकन हसली. तिचे वडील डोळे पुसत म्हणाले, “वहिनी, आम्ही रडून राह्यलो अन् तुम्ही नाचवून राह्यल्या!” मंग स्वतःच नाचले. पैसे बराबर दिले, वर मला साडी. सोमवारी भावाचे सगळे पैसे फिटले.