खेळातला गडगा

रत्नागिरीत माझा सायबर कॅफे होता तेव्हा आखातातून परतलेले एक ड्रायव्हर चाचा रोज सकाळी यायचे. चपला दाराबाहेर काढायचे, रुमालाने खुर्ची पुसून बसायचे. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही.

इंटरनेटवर एका खेळात खऱ्या पैशांनी जमीन मिळायची. आपल्या खाली दोन माणसं आणली की आपले पैसे वाढायचे. चाचांना मीच माझ्या खाली घेतलं होतं. त्यांनी समुद्राकाठचा तुकडा घेतला आणि घराआधी भोवती गडगा घातला, एकेक चिरा विकत घेऊन.

"चाचा, तिथे गुरं नाहीत शिरत," मी हसलो.

"गुरांसाठी नाय, भाऊ. मी तिकडे गाडी चालवत होतो, तेव्हा गावी पावसला माझ्या भावांनी जमिनीची हद्द सरकवली. ही तरी ऱ्हाऊ दे जाग्यावर."

माणसं मात्र त्यांनी आणली नाहीत. "माझं बुडालं तर एकट्याचं बुडेल," म्हणायचे.

खेळ बंद होणार असल्याची कुणकुण मला आधी लागली. मी गुपचूप माझे पैसे काढले. चाचांना सांगितलं नाही, कारण खालच्यांनीही काढले असते तर मला मिळाले नसते.

खेळ बंद पडला त्या सकाळी त्यांनी रिकामा पडदा पाहिला. मग उठून त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "तुमचं पण गेलं ना, भाऊ? जिवाला लावून घेऊ नका."

मी "हो" म्हणालो.

पैसे काढल्याचं पुढे बायकोला सांगितलं. त्या 'हो'बद्दल आजच लिहितो आहे.