जात्याचा वरचा दगड

सकाळचे साडेआठ. पोह्यांवर झाकण ठेवलं होतं, लेकीच्या डब्याची पोळी तव्यावर होती, आणि दार वाजलं. बोरगाव मेघेत आमच्याकडे त्या वेळेला दूधवाल्याशिवाय कोणी येत नाही. दारात समोरच्या इमारतीतल्या धुरपतामावशी उभ्या. हातात नातीचा मोबाइल.

मावशींचे यजमान भैयाजी जाऊन दीड महिना झाला होता. त्या रडल्या नाहीत. मुलगा सचिन म्हणायचा, आई जेवते, निजते, विचारलं तर उत्तर देते, बाकी काही नाही. मी पाहिलं होतं ते वेगळंच. मागच्या आठवड्यात माझ्या हातून आमच्या दोघींच्या चहात साखरेच्या जागी मीठ पडलं. मावशींनी अख्खा कप संपवला, विसळून पालथा घातला आणि घरी गेल्या. मी माझा घोट घेतला तेव्हा मला कळलं.

मोबाइलवर नातीच्या, समीक्षाच्या शाळेच्या सहलीतला फोटो होता. किल्ल्यातलं संग्रहालय, काचेमागे एक जातं.

"माह्यं हाय," मावशी म्हणाल्या. "रूपाली, मले तिथं नेजो."

किल्ला म्हणजे नदीकाठची जुनी गढी. तिच्या तटाच्या आत नऊ घरं राहायची, त्यातलं एक मावशींचं. संग्रहालय करायचं ठरलं तेव्हा सगळ्यांना उठावं लागलं. भैयाजी दगड घडवायचे. लग्नाच्या वर्षी ते जातं त्यांनीच घडवलेलं. सचिनच्या दुसऱ्या मजल्यावर ते चढवणार कोण, म्हणून तिथंच राहून गेलं.

दुपारच्या एसटीनं गेलो. मोठ्या दरवाज्यात तिकीट काढलं, तोवर मावशी सवयीनं उजवीकडे वळल्यासुद्धा. पुढचा स्टॉप सांगावा तशा सुरात म्हणाल्या, तलवारी ठेवल्या तिथं त्यांची मोरी होती.

जात्याखाली पाटी होती. मी वाचून दाखवली : धान्य दळण्याचे जाते, अंदाजे पंधरावे शतक.

"म्हंजे मी पाचशे वर्साची झाली," मावशी म्हणाल्या. हसल्या नाहीत.

माझा मात्र संताप झाला. तिथले अधिकारी विवेक नावाचे, वयानं लहानच. त्यांना बोलावून मी सगळं सांगितलं, कोणी घडवलं, कधी घडवलं. ते आधी ओशाळले, मग म्हणाले की लेखी अर्ज द्या, वरती पाठवतो. मी पर्समधून पेन काढलं.

मावशींचं लक्ष आमच्याकडे नव्हतंच. त्या काचेजवळ वाकून बघत होत्या. छिन्नीनं टाकलेल्या रेघा लोकांना दिसाव्यात म्हणून जात्याचा वरचा दगड उलटा करून ठेवला होता. हे का बघताय, मी विचारलं. तेव्हा त्यांनी दीड महिन्यात पहिल्यांदा चार वाक्यं सलग सांगितली.

त्यांच्या घरची रीत अशी, की माणूस गेलं की जात्याचा वरचा दगड उलटा करायचा. दळण बंद. तेरवीच्या दिवशी घरातली मोठी बाई तो सुलटा करते, मूठभर ज्वारी दळते आणि तिथून घर परत सुरू होतं. भैयाजींची तेरवी बोरगावात झाली. जातं नव्हतं. सुनेनं मिक्सरला हळदकुंकू लावलं. मग काल समीक्षानं फोटो दाखवला.

मी कागद शोधू लागले. अर्जात काय काय लिहायचं, तारीख, साक्षीदार, गढीतली बाकीची आठ घरं, असं मी विवेक साहेबांना विचारत होते. मावशींनी माझ्या मनगटावर हात ठेवला.

"पाटी राहू द्या, साहेब. जातंबी इथंच राहू द्या. ह्यायची तेरवी होऊन गेली. तेवढा वरचा दगड सुलटा करून द्या."