कंडक्टरकाकांचे गुरुवार

बोलायचं असलं की काका आधी गळ्यावर अंगठा ठेवायचे. तिथं बोराएवढं भोक होतं. कॅन्सरच्या ऑपरेशनमध्ये स्वरयंत्र काढलेलं, त्यामुळे श्वास त्या भोकातूनच चालायचा. आत डॉक्टरांनी छोटी झडप बसवली होती. अंगठ्यानं भोक झाकलं की घोगरा, कोरडा आवाज निघायचा. त्या आवाजातलं पहिलं वाक्य ठरलेलं असे, "देव चांगला हाय, सिस्टर." दुसरं, "चहा झाला का?"

मी कॅन्सरच्या वॉर्डात नर्स. असा एखादा माणूस तुम्हीही दवाखान्याच्या व्हरांड्यात पाहिला असेल. रुग्ण नाही, कुणाचा नातेवाईक नाही, तरी सगळ्यांच्या ओळखीचा.

काका एसटीत कंडक्टर होते. बरीच वर्षं कन्नड गावच्या गाडीवर. "मी हाक मारली की घाटातली गाडी थांबायची," असं सांगत. छावणीतल्या चर्चमध्ये दर रविवारी भजन तेच उचलायचे. तंबाखूची सवय होती. "ड्युटीवर झोप येऊ नये म्हणून खायचो," म्हणत आणि लगेच स्वतःच दुरुस्त करत, "नाय, आवडायची."

ऑपरेशनच्या आधी त्यांनी देवाकडे एकच मागितलं होतं, आवाज राहू दे. तो राहिला नाही. घरी आल्यावर सहा महिने काकांनी चर्चची पायरी चढली नाही. काकू एकट्याच जायच्या. एका रविवारी काकू अंगात ताप असताना निघाल्या, तेव्हा त्यांना सोडायला म्हणून काका गेले आणि शेवटच्या बाकावर बसले. भजन सुरू झालं.

"ओठ आपोआप हलाय लागले," त्यांनी मला सांगितलं. "आवाज कुठला? पण बाजूची माणसं तेच शब्द गात होती. वाटलं, गाणं आपलंच हाय, दुसऱ्याच्या गळ्यातून निघतंय. लई रडलो. मग लई हलकं वाटलं."

"म्हणजे देवावरचा राग गेला?"

काकांनी पुन्हा गळ्यावर अंगठा ठेवला. "सगळा नाय. पण त्याच्याशी बोलणं सुरू झालं."

त्यानंतर दर गुरुवारी ते वॉर्डात येऊ लागले. ज्यांचं तसंच ऑपरेशन व्हायचं असे, त्यांच्या शेजारी बसायचे. उपदेश नाही, धर्माची गोष्ट नाही. शर्टाचं वरचं बटण काढून भोक दाखवायचे, मग घोटघोट चहा पिऊन दाखवायचे. चहा भोकातून बाहेर येईल, अशी लोकांना भीती वाटे. "येत नाय," ते सांगत, "आणि साखर कमी असली तर कळतं." कुणी विचारलंच, की एवढी हिंमत आली कुठून, तर म्हणत, "येशूनं धरलं." बस, एवढंच. आमच्या घरी बुद्धवंदना होते. पण त्यांच्या त्या दोन शब्दांवर मला कधी शंका आली नाही.

एका गुरुवारी लासूर स्टेशन गावचा एक माणूस दाखल होता. कांद्याच्या बाजारात लिलाव पुकारायचा. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन. काकांनी बटण काढलं तसा तो पांढराफटक पडला. "असं जगणं मला नको," म्हणाला. मी आणि काका चहा घेऊन येईपर्यंत पिशवी उचलून निघूनही गेला होता.

"माझ्यामुळं गेला," काका म्हणाले आणि जिना उतरू लागले. मी दुसऱ्या सिस्टरला सांगून त्यांच्यामागं धावले.

रिक्षानं बसस्थानकावर पोचलो, तर लासूरची गाडी फलाटावरून मागं येत होती. खिडकीत तो दिसला. मी हाका मारल्या, पण त्या गोंगाटात कोण ऐकणार. काकांना इतकी धाप लागली होती की आवाज काढायला श्वासच पुरेना. त्यांनी गाडीचं दार धरलं, वर चढले आणि घंटीची दोरी एकदा ओढली. गाडी जागेवर थांबली. आतला कंडक्टर रागावून उठला, तेवढ्यात ड्रायव्हरनं मागं वळून पाहिलं. "राहू दे रे," तो म्हणाला, "ते आपल्यातलेच हायेत."

काका त्या माणसाशेजारी बसले. आधी धाप ओसरू दिली. मग म्हणाले, "मी पण लई भ्यालो होतो. अजून भितो. तुला एकट्याला नाय सोडत, मी बसतो संगं."

गाडीतल्या कुणीही घाई केली नाही. शेवटी त्यानं पिशवी काकांच्या हातात दिली आणि उतरला. दुसऱ्या दिवशी ऑपरेशन संपेपर्यंत काका थिएटरबाहेरच्या बाकावर डोळे मिटून बसले होते.

वर्षभरानं तो कांद्याची गोणी घेऊन वॉर्डात आला. आता तो लिलाव पुकारत नाही, एका अडत्याकडे माल पारखतो. काकांनी ते कांदे प्रत्येक खाटेवर वाटले. दिवसभर वॉर्डात वास दरवळत होता आणि मेट्रनची बोलणी मी खाल्ली.

पुढं रोग काकांच्या फुप्फुसात उतरला. एका जूनमध्ये ते गेले. मला मात्र ते आठवतात त्याच वर्षीच्या ईस्टरच्या सकाळचे. त्या दिवशी चर्चची मंडळी पहाटेच दफनभूमीत जमते, आपापल्या माणसांच्या कबरींवर फुलं ठेवते, येशू मरणातून पुन्हा उठल्याची भजनं गाते. काकांनी मला आग्रहानं बोलावलं होतं. त्यांना उभं राहवत नव्हतं, म्हणून प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. गाणं चालू असतानाच कडुलिंबाआडून ऊन आलं, थेट त्यांच्या तोंडावर. चर्चच्या पाळकांनी वाकून विचारलं, "खुर्ची सावलीत घेऊ का?"

काकांनी मान हलवून नको म्हटलं आणि चेहरा आणखी थोडा उन्हाकडे वळवला.