पाटी माळ्यावर होती

ऑफिसात आम्ही त्या कामाला जुळवाजुळव म्हणायचो. एकाच संगणकावर एकाच प्रोग्रॅमिंग भाषेची दोन-तीन व्हर्जनं नांदायला लागली की कुरबुरी सुरू होतात. जुन्या प्रोग्रॅमला जी लायब्ररी, म्हणजे तयार कोडचा संच, लागते, तिचाच नवा अवतार नव्याला हवा असतो. नवी आत आली की जुनी बाहेर फेकली जाते. ही भांडणं मिटवणं हे आमच्या एका सहकाऱ्याचं काम. उपाय एकच, प्रत्येक प्रोग्रॅमची चूल वेगळी, म्हणजे ज्याच्या लायब्रऱ्या त्याच्या कप्प्यात. कोणी सगळं एकत्र कालवलं की तो चारचौघांत कान उपटायचा. माझे दोनदा उपटले होते, आणि मला त्याचा रागही यायचा.

घरी त्याची थोरली बहीण होती. आई गेल्यावर तिनंच त्याला वाढवलं. मग एका झटक्यात तिचं अंग गेलं, वाचा गेली. कळायचं सगळं, पण हलायचे फक्त डोळे. घरचे तिच्यासमोर अक्षरांची पाटी धरून एकेका अक्षरावर बोट ठेवायचे, हवं ते आलं की ती पापणी मिटायची. शेवटी त्यानं प्रोग्रॅम लिहिला. कॅमेरा ताईची नजर टिपायचा आणि संगणक तिचं वाक्य बोलून दाखवायचा. तिचं पहिलं वाक्य होतं, "ती पाटी फेक, तुझ्या बायकोचं बोट फार हळू चालतं." पाटी माळ्यावर गेली.

प्रोग्रॅम जुन्या व्हर्जनवर चालायचा आणि त्याची चूल मात्र त्यानं वेगळी केली नव्हती. घरचंच मशीन, हात लावतंय कोण?

हात त्यानंच लावला. तो रजेवर होता, त्याचा लॅपटॉप दुरुस्तीला गेलेला. ऑफिसात काम अडलं आणि फोन मी केला. "आजच्या आज पाहिजे," म्हणालो. तो ताईच्या मशीनवर बसला. घाईत दिलेली आज्ञा जुन्या व्हर्जनलाच लागू झाली, ताईची लायब्ररी पुसली गेली आणि तिथं नवी बसली. आमचं काम चालू झालं, ताईचा प्रोग्रॅम उघडेना. तिचं परत चालू केलं असतं तर आमचं बंद पडलं असतं, आणि दोन्ही वेगळं करायला मी त्याला वेळ देईना.

"ताई, परवा सकाळी नीट करतो. चालेल ना?"

तिनं पापण्या मिटल्या. त्यानं हो धरलं.

दुसऱ्या दिवशी ती सारख्या पापण्या मिटत होती. "ताई रागावल्यात बहुतेक," बायको म्हणाली.

"रागावू दे. बोलायला लागली की घालेल शिव्या."

पाटी काढायला शिडी आणावी लागली असती. एका दिवसासाठी कोण चढतं?

तिसऱ्या दिवशी सकाळी तिला धाप लागली. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली होती. "पाय कधीपासून दुखत होता?" डॉक्टरांनी विचारलं. दोघांनाही सांगता येईना. दुपारी ती गेली.

महिन्यानं त्यानं तिचा प्रोग्रॅम वेगळ्या चुलीवर मांडला. लगेच उघडला.

"अर्धा तास लागला," तो मला म्हणाला.

फोन माझा होता हे त्यानं कधी बोलून दाखवलं नाही, आणि तेच मला जास्त लागतं.

आता तो कोणाचे कान उपटत नाही. मशीन समोर आलं की आधी विचारतो, "याच्यावर कोणी बोलत नाही ना?" नवीन आलेली पोरं हसतात. मी जागेवरून उठून "नाही" म्हणतो, मगच तो कीबोर्डला हात लावतो.