माशांच्या टाकीवरची गोधडी

माझा नवरा गॅसच्या गोळ्या चघळत मेला.

आज वर्ष झालं. सकाळपासून फोन येतायत, "वहिनी, सावरा." मी सावरलेलीच आहे. मला राग आलाय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. माझे मिस्टर, महेश. कंपनीत शिफ्टला जायचे आणि उरलेला वेळ माशांच्या टाकीपुढं. आमच्या वरवंडच्या घरात टीव्ही आतल्या खोलीत गेला आणि त्याच्या जागी टाकी आली. प्लास्टिकची झाडं नाहीत हं, खरी. पाण्याखाली वाढणारी. मी तेव्हा कपाळाला हात लावला होता.

अशा टाकीत शेवाळ येतंच. केडगाव, शिरूर, कुठनं कुठनं लोक ह्यांना फोटो पाठवायचे.

"दादा, काच हिरवी झालीय, कुठलं औषध टाकू?"

मग ह्यांचं डोकं फिरायचं.

"औषध कसलं टाकतो रे? शेवाळ काय उगीच येतं व्हय? लाईट किती वेळ ठेवतोस? खायला किती घालतोस? आधी कारण काढ. औषधानं आज जाईल आन् पुढच्या आठवड्यात डबल येईल!"

तास तास बोलायचे. आणि फोन ठेवला की खिशातनं गोळी काढायचे. छातीत जळजळतंय म्हणून.

"अहो, दाखवा की एकदा डॉक्टरला."

"ॲसिडिटी हाय गं. कॅन्टीनचं खाणं. शिफ्ट बदलू दे, मग बघू."

शिफ्ट बदलली. दवाखाना काही झाला नाही. कंपनीच्या बसनं घरी येताना, बसल्या जागी संपलं सगळं. शेजारच्याला वाटलं, झोप लागलीय.

लोकांच्या काचेवरच्या डागाचं कारण काढणारा माणूस! स्वतःच्या छातीचं कारण काढायला ह्यांना वेळ नव्हता. काय म्हणायचं ह्याला? तुम्हीच सांगा.

आता दुसरा राग.

माणूस गेलेल्या घरात दिवा विझू देत नाहीत. फोटोपुढं समई तेवत होती, ते बरोबरच. पण ह्यांच्या आत्यांनी टाकीच्या लाईटचा टायमरच उपटून ठेवला.

"माझ्या लेकराचा आवडता उजेड हाय. रातंदिस जळू दे."

आणि भेटायला येणारा प्रत्येक माणूस टाकीत काहीतरी टाकणार. मुके जीव, पुण्य लागतं म्हणे. कुणी माशांचं खाणं मूठभर. कुणी चपातीचा तुकडा. कुणी चुरमुरे. एका पाहुण्यांनी चहातलं उरलेलं बिस्कीट टाकलं. बिस्कीट!

मी सुतकात, भिंतीला टेकून बसलेली. सगळं बघत.

दहाव्याच्या आधीच पाणी हिरवंगार झालं. पानांवर केसासारखं शेवाळ. मासे दिसेनात, जे दिसत होते ते उलटे तरंगत होते.

पाहुण्यांत कुजबुज सुरू झाली. आत्या डोळे पुसत म्हणाल्या, "त्याच्या मागं निघालेत मासं. जाऊ दे. दहाव्याला टाकी पण नदीत रिकामी करू."

त्याच्या मागं निघालेत?

"अहो, तुम्ही मारताय त्यांना! चपात्या घालून घालून मारताय!"

मी हे मोठ्यानं बोलले.

उठले. लाईट बंद केला. मेलेले मासे काढले. पानांवरचं शेवाळ जुन्या टूथब्रशला गुंडाळून ओढून काढलं. निम्मं पाणी उपसून बोअरचं घातलं. हवेचा पंप तेवढा चालू ठेवला. मग आतनं ह्यांची गोधडी आणली आणि अख्खी टाकी झाकून टाकली. हिरव्या पाण्याला उजेड तोडावा लागतो. मला शिकवलं नव्हतं कुणी. स्वयंपाक करता करता ह्यांचं फोनवरचं ऐकून पाठ झालं होतं.

आत्या किंचाळल्या. "अगं बया! सुतकात उजेड घालवती? त्याच्या वाटंवर अंधार करती? नवऱ्याचं काय वाटतं का न्हाई तुला?"

"आत्या, समई आहे तिथं. ह्या गोधडीला कुणी हात लावला तर बघा."

दहाव्याला नदीवर बायका माझ्याशी बोलल्या नाहीत. गावात अजून कुणीकुणी म्हणतं, नवरा गेल्यावर हिनं घरात अंधार केला. म्हणू देत. माझं काय जातंय?

तेराव्याला पाहुणे पांगले, तेव्हा गोधडी काढली. पाणी स्वच्छ होतं. सगळ्यात आधी आत्याच पुढं आल्या. कितीतरी वेळ काचेला नाक लावून उभ्या होत्या.

"मासं हायत गं," म्हणाल्या. आणि मग जे रडल्या ना, मला त्यांना धरावं लागलं.

मी टायमर परत लावला.

अहो, आता तुमच्याशी बोलते.

गेल्या आठवड्यात तुमच्या नंबरवर फोटो आला. शिरूरचा कुणीतरी. तुमचं त्याला कळलेलंच नव्हतं.

"दादा, शेवाळ झालंय. कुठलं औषध टाकू?"

माझं डोकं फिरलं. अगदी तुमच्यासारखं. मी लिहिलं, "औषध टाकू नका. लाईट कमी करा, खाणं कमी करा. आणि छातीत जळजळत असेल तर गोळ्या खात बसू नका, आजच्या आज डॉक्टरकडे जा."

थोड्या वेळानं उत्तर आलं.

"बरं दादा. मला काय न्हाई. तुमची तब्येत कशी हाय?"

फोन हातात धरून बसले मी. अजून काही लिहिलेलं नाही.

काय लिहू, सांगा ना.

श्रद्धांजली तुमचे मित्र वाहतील. मी फक्त सांगायला आले होते, टाकी चांगली आहे. माझा राग काही गेलेला नाही.

पडा आता निवांत.